श्वास ऐकणारा कर्णा
रडारची अँटेना दवाखान्यात कशी पोचली, त्याचा इतिहास



डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एमआरआय’ एवढंच लिहिलं की घरात प्रश्नांची रांग लागते. नागपूरला सोबत कोण जाईल, पैसे किती लागतील, मागे गाईम्हशी कोण बघेल. एक प्रश्न मात्र बाया आपसांत, हळू आवाजात विचारतात. तिथे मंगळसूत्र काढायला लावतात म्हणे, खरं का? आणि का बरं?

‘दवाखान्याचा नियम आहे’ हे त्याचं अर्धं उत्तर झालं. पुरं उत्तर हवं असेल तर थोडा इतिहास बघावा लागतो. त्या इतिहासात कोलकात्याचे एक प्राध्यापक आहेत, महायुद्धात विमानं शोधणारी यंत्रं आहेत, पुठ्ठ्याचं एक जाकीट आहे, मुंबईची प्रयोगशाळा आहे, आणि शेवटी आपलं सेवाग्राम आणि चंद्रपूरही आहे. या सगळ्यांतून फिरणारी वस्तू एकच, अँटेना. आज तिचीच गोष्ट सांगते.

बोलणारी आणि ऐकणारी तार

अँटेना आपल्या ओळखीची आहे. आपल्या सामुदायिक रेडिओ केंद्राच्या आवारात जो खांब उभा असतो, त्यावर ती असते. सरकारी नियमाप्रमाणे हा खांब ३० मीटरपर्यंत उंच ठेवता येतो आणि प्रसारणाची ताकद १०० वॅटपर्यंत असते. म्हणजे घरात पूर्वी जो पिवळा बल्ब लावायचो, तेवढीच. तेवढ्यावर आपला आवाज आसपासच्या गावांत पोचतो.

धातूच्या तारेत वीज वेगाने पुढेमागे झुलवली की तिच्यातून लहरी सुटतात. उलट, लांबून आलेल्या लहरी एखाद्या तारेवर पडल्या की त्या तारेत वीज झुलू लागते. एकच तार बोलूही शकते आणि ऐकूही शकते. एवढं लक्षात ठेवलं तरी आजचं पुढचं सगळं समजेल.

लहर जितकी लांब, तितकी अँटेना साधारणपणे मोठी लागते. नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवर लागते. तिची एक लहर ५०० मीटरहून लांब, म्हणून तिला उंच मनोरा लागतो. आपल्या एफएमची लहर सुमारे ३ मीटरची, तिला खांबावरच्या छोट्या दांड्या पुरतात. नागपूरला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. त्याची लहर जेमतेम अर्ध्या वितीची, सुमारे १० सेंटीमीटर.

रडार म्हणजे काय, हेही सोपं आहे. विहिरीत वाकून हाक मारली की तीच हाक परत येते. विहीर खोल असेल तर उशिरा येते. रडार लहरींची हाक मारतं आणि ती कशावर आपटून किती वेळात परत आली ते मोजतं. त्यावरून ढग किती लांब आहे, त्यात पाणी किंवा गारा किती आहेत, ढग कुठल्या दिशेने सरकतोय, हे कळतं. वादळाचा, गारपिटीचा जो इशारा मोबाईलवर येतो, त्यामागे असं यंत्र असतं.

कोलकात्याचा कर्णा

अशा बारीक लहरींवर सुरुवातीला काम करणाऱ्यांत आपल्या देशातले जगदीशचंद्र बोस होते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकवत. १८९५ साली त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. मध्ये कुठलीही तार नसताना लहरींच्या जोरावर लांबची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. काही मिलिमीटर लांबीच्या लहरी त्यांनी तयार केल्या होत्या. त्या गोळा करण्यासाठी त्यांनी धातूचं पसरट तोंडाचं नळकांडं वापरलं. लग्नातल्या भोंग्याचा कर्णा आठवा. मागे अरुंद, पुढे रुंद. आवाजाला जसा कर्णा, तसा हा लहरींना. १८९७ मध्ये लंडनला त्यांनी ही उपकरणं दाखवली. आजही या आकाराची अँटेना जगभर वापरतात, तिला ‘हॉर्न अँटेना’ म्हणतात. हा कर्णा ध्यानात ठेवा, तो शेवटी पुन्हा भेटणार आहे.

विमानं शोधणारे हात शरीराकडे कसे वळले

दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या अंधारात येणारी विमानं ओळखणं हा जीवनमरणाचा प्रश्न होता. १९४० साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या रँडल आणि बूट या दोघांनी मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी तयार केली. बारीक लहरी खूप ताकदीने फेकण्याचं काम ती करत असे. तिचंच भावंड आज शहरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतं. ही नळी अमेरिकेत नेली गेली आणि बॉस्टनजवळ रडार बनवण्यासाठी मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे एडवर्ड पर्सेल नावाचे तरुण शास्त्रज्ञ काम करत होते.

युद्ध संपलं. डिसेंबर १९४५ मध्ये पर्सेल, टोरी आणि पाउंड या तिघांनी हार्वर्ड विद्यापीठात मेणाचा एक गोळा लोहचुंबकाच्या मध्ये ठेवला आणि त्यावर रेडिओच्या लहरी सोडल्या. मेणातल्या हायड्रोजनच्या कणांनी त्या लहरींना प्रतिसाद दिला. तिघंही रडारच्या कामातून आलेले. कमजोर लहर कशी पकडायची, नको असलेली खरखर कशी गाळायची, हे ते तिथेच शिकले होते. त्याच सुमारास, १९४६च्या सुरुवातीला, स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख यांनी पाण्यावर तसाच प्रयोग केला. ब्लॉख युद्धात शत्रूच्या रडारला चकवण्याच्या कामावर होते. दोघांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यांनी नेमकं काय पाहिलं? भोवरा फिरता फिरता डोलतो, ते आपण पाहिलंय. पाण्याच्या प्रत्येक थेंबात हायड्रोजनचे असंख्य कण असतात आणि चुंबकाजवळ ते भोवऱ्यासारखे डोलतात. चुंबक किती जोराचा आहे त्यावर डोलण्याचा वेग ठरतो. अगदी त्याच वेगाची रेडिओलहर सोडली की कण तिची ऊर्जा घेतात, आणि लहर थांबवली की स्वतःच बारीकशी लहर परत देतात. हाक मारायची आणि उत्तर ऐकायचं. रीत रडारसारखीच आहे. फरक असा की रडारला आपलीच हाक आपटून परत मिळते, आणि इथे शरीरातलं पाणी थोडा वेळ स्वतः बोलतं.

या कामात आपल्याकडचं एक नाव लवकर आलं. स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत एस. एस. धर्मट्टी होते. १९५१ साली आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी दाखवलं की अल्कोहोलच्या एकाच रेणूत हायड्रोजन तीन वेगवेगळ्या ठिकाणी असेल, तर तो तीन वेगळे सूर देतो. म्हणजे पदार्थ न फोडता त्याच्या आत काय आहे ते ऐकू येतं. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी भारतात या शास्त्राचा पाया घातला.

पुठ्ठ्याचं जाकीट

मेण आणि पाणी ऐकून झालं, पण माणूस? १९७१ साली अमेरिकेतले डॉक्टर रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठींवर प्रयोग करून दाखवलं की कर्करोगाच्या गाठीतलं पाणी निरोगी भागापेक्षा वेगळं उत्तर देतं. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या उत्तरांवरून चित्र काढायची युक्ती शोधली. चुंबकाचा जोर एका बाजूला थोडा जास्त, दुसऱ्या बाजूला थोडा कमी ठेवायचा. मग कुठल्या जागचं पाणी बोलतंय ते सुरावरून ओळखू येतं. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी हे काम झपाट्याने करण्याची रीत बसवली. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं.

माणसाच्या धडाचं पहिलं चित्र निघालं ३ जुलै १९७७ रोजी, डमाडियन यांच्या यंत्रावर. अँटेना होती पुठ्ठ्यावर तांब्याची पट्टी गुंडाळून केलेली, छातीभोवती जाकिटासारखी घालायची. आधी डमाडियन स्वतः ती घालून बसले होते, पण काहीच ऐकू आलं नाही. त्यांचा देह त्या अँटेनाच्या मानाने मोठा पडला. मग त्यांचा सडपातळ सहकारी लॅरी मिन्कॉफ आत बसला. जवळजवळ पाच तास तो हलला नाही, तेव्हा कुठे छातीचं एक धूसर चित्र मिळालं.

हे पाच तास विसरू नका. या यंत्राचा पुढचा सारा इतिहास म्हणजे माणसाला कमीत कमी त्रास देऊन तेच कसं ऐकता येईल, याचा शोध आहे.

बोगद्यात काय चालतं

आज नागपूरच्या दवाखान्यांत जी यंत्रं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचा चुंबक दीड टेस्लाचा असतो. पृथ्वीचा जो चुंबक होकायंत्राची सुई फिरवतो, त्याच्या सुमारे ३० हजार पट. या यंत्रात पाण्याचे कण सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर बोलतात. आपला एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये येतो. म्हणजे ज्या लहरींवर आपण गप्पा ऐकतो, त्यांच्या शेजारच्याच आळीत शरीरातलं पाणी बोलत असतं. या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये जे किरण लागतात, ते एमआरआयमध्ये नसतात.

पण पाण्याचा आवाज फार हळू. १० लाख कणांतले जेमतेम पाच कण आपल्या कामाचे, बाकीचे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. म्हणून त्या खोलीला चहूबाजूंनी तांब्याचा पत्रा किंवा जाळी लावलेली असते, की बाहेरचा एफएम, मोबाईल काही आत येऊ नये. आणि ऐकणारी अँटेना शरीराला अगदी जवळ ठेवतात. तुमच्या डोक्याला जो पिंजरा लावतात, गुडघ्याला जी वाटी बसवतात, पोटावर जी गादीसारखी पट्टी ठेवतात, त्याला ते लोक ‘कॉइल’ म्हणतात. ती अँटेनाच असते.

१९९० साली पीटर रोमर आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या अँटेनाऐवजी अनेक लहान अँटेना शेजारी शेजारी ठेवायची कल्पना मांडली. नदीकाठी एकीने कान देण्याऐवजी दहा जणी अंतरावर बसून ऐकतात आणि मग आपापलं ऐकलेलं जुळवतात, तसं. त्यांनी याला जे नाव दिलं, ‘फेज्ड ॲरे’, तेही रडारवाल्यांकडूनच घेतलं होतं. या युक्तीमुळे चित्रं स्पष्ट झाली, पुढे तपासणीचा वेळही कमी झाला.

आतमध्ये जो धडधड आवाज येतो, तो चुंबकाचा जोर इथे कमी तिथे जास्त करणाऱ्या तारांचा. वीज चालूबंद होताना त्या तारा थरथरतात. यंत्र बिघडलेलं नसतं. कानात कापूस किंवा हेडफोन मागून घ्यावा. हातात एक रबरी फुगा देतात. काही वाटलं तर तो दाबायचा, बाहेरच्या माणसाला लगेच कळतं.

आता मंगळसूत्राचं

तार लहरी ऐकते, हे आपण सुरुवातीला पाहिलं. गळ्यातलं सोन्याच्या तारेत ओवलेलं मंगळसूत्र काय आहे? धातूची बंद फेरी. त्या बोगद्यात गेलं की तेही अँटेना होतं. सोनं चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. पण यंत्राची जोरदार रेडिओलहर त्या फेरीत वीज झुलवते, आणि वीज झुलली की धातू तापतो.

इंडक्शन शेगडी पाहिलीये ना? शेगडीला हात लावला तर ती स्वतः तापत नाही, वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात विजेचे भोवरे उठतात आणि भांडं तापतं. तसंच हे. कातडीला चटका बसू शकतो, आणि त्या जागेचं चित्रही काळं पडतं, म्हणजे जे बघायला आलो तेच दिसत नाही. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, मुरणी, कानातलं, पाटल्या, पैंजण, केसातल्या पिना, साडीची पिन, सगळं काढायचं. जरीची साडी किंवा जरीचा ब्लाउज असेल तर तोही बदलायचा, कारण जरीत धातूची तार असते.

हातात हात गुंफून झोपू नका, मांड्या एकमेकींना चिकटू देऊ नका, असंही तिथे सांगतात. त्यामागेही तेच कारण. आपल्या शरीरात मीठपाणी आहे, त्यातून वीज जाते. हातात हात घातले की शरीराचीच एक बंद फेरी तयार होते. म्हणून मध्ये कपडा किंवा उशी ठेवतात.

लोखंडाची गोष्ट याहून गंभीर आहे. चुंबक दिवसरात्र चालू असतो, तपासणी नसली तरी. २०१८च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाला चुंबकाने सिलिंडरसकट ओढलं आणि त्याचा जीव गेला. म्हणून सोबतच्या माणसाने तिथल्या कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, मग ‘काही होत नाही’ असं कोणीही म्हणो.

काही गोष्टी बाईने स्वतःहून सांगायच्या. पाळी चुकली असेल किंवा गरोदर असाल तर. तांबी बसवलेली असेल तर; बहुतेक वेळा तपासणी करता येते, पण त्यांना माहीत हवं. हृदयात पेसमेकर, डोक्यात क्लिप, हाडात सळई असेल तर. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर. गोंदण असेल तर, कारण क्वचित कुणाला तिथे चुरचुरतं.

श्वास रोखा!

आता शेवटचा आणि सगळ्यात नवा भाग. मिन्कॉफला पाच तास बसावं लागलं. आज काम साधारण अर्ध्यापाऊण तासात होतं. तरी छाती, हृदय, यकृत यांचं चित्र काढताना एक अडचण उरतेच. माणूस श्वास घेतो, हृदय धडधडतं, आणि हलत्या लेकराचा फोटो जसा फिसकटतो तसं चित्र फिसकटतं. म्हणून स्पीकरवरून सांगतात, ‘श्वास घ्या, सोडा, रोखून धरा.’ पंधरावीस सेकंद. पुन्हा. पुन्हा.

तरण्या माणसाला हे जमतं. दमेकरी आजीला, हृदयाच्या पेशंटला, घाबरलेल्या लेकराला जमत नाही. ऐकायला कमी येणारीला किंवा फक्त गोंडी, माडिया समजणारीला ती सूचनाच कळत नाही. मग ‘पेशंटने सहकार्य केलं नाही’ असा शेरा पडतो आणि बाई अपराधी वाटून घरी येते. खरं तर जमत नव्हतं ते यंत्राला.

हृदयाचे ठोके मोजायला छातीला ईसीजीच्या तारा लावता येतात, पण एवढ्या मोठ्या चुंबकात वाहणाऱ्या रक्तामुळेच ईसीजीची रेघ बिघडते. तेव्हा जर्मनीत एक वेगळा विचार झाला. बर्लिनची राष्ट्रीय मापन संस्था आणि इल्मेनाऊ इथलं तंत्र विद्यापीठ, दोन्हीकडचे लोक २०१०च्या आगेमागे या कामाला लागले. कल्पना अशी: बोगद्यातच एक छोटं रडार ठेवू. ते छातीवर अगदी हलक्या लहरी सोडेल, छाती किती वर आली, किती खाली गेली, हृदयाची भिंत कधी हलली, हे प्रतिध्वनीवरून मोजेल. मग बाईने श्वास रोखायची गरज नाही. ती आपला श्वास घेत राहील, आणि यंत्र तिच्या श्वासाच्या तालावर चित्र जुळवेल.

यासाठी त्यांनी जी अँटेना घेतली, ती तोच जुना कर्णा! पण दोन अडचणी होत्या. पहिली, दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळू नये. ती सोपी होती. त्यांच्या तीन टेस्लाच्या यंत्रात पाणी सुमारे १२५ मेगाहर्ट्झवर बोलतं आणि रडारने १००० मेगाहर्ट्झच्या वरची जागा घेतली. दोन वेगळी स्टेशनं, दोन वेगळ्या जागी.

दुसरी अडचण मंगळसूत्राचीच. धातूचा कर्णा त्या बोगद्यात गेला की त्यातही विजेचे भोवरे उठणार, तो थरथरणार, चित्र बिघडवणार. आपण मंगळसूत्र काढून ठेवू शकतो. पण अँटेनातला धातू काढला तर ती अँटेनाच राहत नाही. मग त्यांनी मार्ग काढला. लोखंड अजिबात नाही. जाड पत्र्याऐवजी धातूचा अगदी पातळ थर. आणि त्या थरालाही चिरा पाडलेल्या. वाफ्यात मध्ये मध्ये बांध घातले की पाणी गोल फिरत नाही, जागच्या जागी अडतं. तसे या चिरांनी भोवरे तुटले. चिरांच्या जागा अशा निवडल्या की रडारच्या लहरींना बाधा येऊ नये. अशा कर्ण्यांनी माणसाचा श्वास आणि हृदयाचे ठोके यंत्राच्या आतूनच टिपून दाखवले.

हे रडार अजून आपल्या दवाखान्यांत रोजच्या वापरात नाही. पण विचार पसरला आहे. काही नव्या यंत्रांत कॅमेरा छातीची हालचाल बघतो, काहींत पलंगाखालचा संवेदक श्वास ओळखतो. पेशंटने यंत्राशी जुळवून घेण्याऐवजी यंत्राने पेशंटशी जुळवून घ्यावं, हा तो विचार.

आपल्या मातीत

हे सगळं परदेशातच घडतं असं समजू नका. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या बारीक लहरींच्या कामातून १९८४ साली मुंबईत ‘समीर’ नावाची सरकारी संस्था निघाली. पवईला आयआयटीच्या आवारात तिचं घर आहे. रडारच्या लहरींची जाणकार ही मंडळी कर्करोगाच्या उपचाराकडे वळली. हवामानाच्या रडारची जशी १० सेंटीमीटरची लहर, तशाच लहरीने इलेक्ट्रॉन पळवून गाठीवर किरण सोडणारं यंत्र त्यांनी देशात बनवलं. असं यंत्र आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयाच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतही बसलं. पुढे ‘समीर’ने दुसऱ्या संस्थांना सोबत घेऊन दीड टेस्लाचं एमआरआय यंत्र बनवायला घेतलं. मार्च २०२५ मध्ये ते तपासून बघण्यासाठी दिल्लीच्या एम्सशी करार झाला.

त्याच वर्षी आणखी एक बातमी आली, ती तर आपल्या दारातली. बंगळुरूला अर्जुन अरुणाचलम यांनी सुरू केलेल्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने बारा वर्षांच्या आसपास खपून देशी एमआरआय यंत्र तयार केलं, आणि ते बसलं चंद्रपूरच्या कॅन्सर केअर फाउंडेशनमध्ये. नेहमीच्या यंत्राचा चुंबक थंड ठेवायला उणे २६९ अंशांचा द्रवरूप हेलियम शेकडो लिटर लागतो आणि तो बाहेरून आणावा लागतो. या यंत्राला तो लागत नाही आणि त्याची किंमतही आयात यंत्रापेक्षा बरीच कमी आहे, असं कंपनी सांगते.

गडचिरोली, चंद्रपूरच्या बाईला याचा अर्थ काय? नागपूरपर्यंतचे दीडशे किलोमीटर वाचू शकतात, एक मजुरी वाचू शकते. पण यंत्र जवळ आलं म्हणजे बाई तिथवर पोचलीच असं नाही. भीती, संकोच आणि अर्धवट माहिती यांचं अंतर कुठलीच कंपनी कमी करत नाही. ते काम आपल्या गटाचं.

म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. गटातल्या कुणाचा एमआरआय झाला असेल तर तिला सगळ्यांपुढे सांगू द्या, काय झालं, काय वाटलं. कुणाला जायचं असेल तर सोबत जाणारी बाई आधीच ठरवा. दागिने घरी ठेवायचे की सोबतिणीच्या पिशवीत, तेही ठरवा. योजनेत नाव बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि तपासणीआधी तीन गोष्टी ठणकावून सांगायला एकमेकींना शिकवा: माझ्या अंगात अमुक धातू आहे, मला श्वास रोखायला जमत नाही, सूचना मला माझ्या भाषेत समजावून सांगा. ‘जमत नाही’ म्हणण्यात लाज नाही. श्वास रोखल्याशिवाय काढायच्याही काही रीती असतात, पण त्या वापरण्यासाठी तंत्रज्ञाला ते आधी कळलं पाहिजे.

सासूबाई किंवा शेजारीण मंगळसूत्र काढण्यावरून बोलली, तर तिला इंडक्शन शेगडीचं उदाहरण द्या. तपासणी झाली की ते पुन्हा गळ्यात घालता येतं. गाठ वेळेवर सापडली, तर ते घालणारी बाईही घरात राहते.